उशाशी बसलेल्या बाईचा हक्क

सरकारी रुग्णालयात रुग्ण दाखल करायचा म्हटले की केसपेपर निघताच विचारणा होते, ‘पेशंटजवळ कोण थांबणार?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते. आई थांबते, बायको थांबते, सून थांबते, शाळा बुडवून मुलगी थांबते. पुढचे आठ-पंधरा दिवस ती त्या रुग्णालयाची बिनपगारी कर्मचारी होते. ट्रॉली तीच ढकलते, रक्ताची बाटली आणायला तीच धावते, सलाईन संपत आले की नर्सला हाक तीच मारते, बेडपॅन तीच देते आणि तीच धुते. रात्री दोन खाटांच्या मधल्या फरशीवर चादर टाकून पडते. रुग्ण बरा झाला तर डॉक्टरांनी वाचवले असे म्हणतात. दगावला तर ‘हिने नीट लक्ष दिले नाही’ असे म्हणतात.

रुग्णालयातले हे दिवस निदान मोजता येतात. खरी कसोटी घरी आल्यावर सुरू होते. लकव्याने एक अंग गेलेला नवरा, कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली सासू, बौद्धिक अपंगत्व असलेले मूल, स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला तरुण भाऊ, स्वतःच्या मुलांची नावे विसरलेला म्हातारा बाप. यांची शुश्रूषा महिनोन् महिने, कित्येकदा आयुष्यभर चालते. भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने पीडित आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाने मांडला. त्या प्रत्येकामागे रात्री जागणारे कुणीतरी आहे. रुग्णांची मोजदाद होते. त्या जागणाऱ्यांची मोजदाद कोण करतो?

थोडीशी मोजदाद केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानेच केली आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया रोज घरातील माणसांची काळजी घेण्याच्या कामात गुंतलेल्या असतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आहे. हे काम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला १४० मिनिटे देते, पुरुष ७४ मिनिटे देतो. यात लेकरांची काळजीही धरलेली आहे. स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी यांचे तास वेगळेच. म्हणजे सरकारला हे श्रम माहीत आहेत. त्यांची मिनिटे मोजण्यापर्यंत सरकारची मजल गेली आहे, मोबदल्यापर्यंत मात्र गेलेली नाही.

या सरासरीच्या आड जात आणि वर्ग लपून बसतात. सुखवस्तू घरात माणूस अंथरुणाला खिळला की ब्युरोला फोन जातो आणि दिवसपाळीची, रातपाळीची बाई येते. ही बाई येते कोठून? ती बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतून येते. दुसऱ्याच्या आजीला अंघोळ घालायला, तिचे डायपर बदलायला ती बारा-बारा तास घराबाहेर असते. त्या वेळी तिची स्वतःची सासू पत्र्याच्या खोलीत एकटी पडून असते, किंवा दहा वर्षांची नात तिच्याजवळ बसलेली असते. मध्यमवर्गीय नोकरदाराला रजा असते. रोजंदारीवर जाणाऱ्याला खाडा असतो. कंत्राटी सफाई कामगार, बांधकाम मजूर, घरकामगार यांच्या घरात आजार आला की एकाच वेळी दोन रोजगार बुडतात. एक आजाऱ्याचा, दुसरा त्याला सांभाळणाऱ्याचा. औषधाचा खर्च सगळ्यांना दिसतो, पण बुडालेली मजुरी कुणाच्याच हिशेबात येत नाही. सावकाराच्या वहीत मात्र ती बरोबर नोंदली जाते.

आपल्या समाजव्यवस्थेने या श्रमाशी दुटप्पी खेळ केला आहे. मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावणारा नीच, असे इथल्या धर्मशास्त्राने ठरवले आणि ती कामे पिढ्यान् पिढ्या विशिष्ट जातींच्या माथी मारली. तेच काम घरातली स्त्री फुकट करू लागली की मात्र ते पातिव्रत्य होते, वात्सल्य होते, सेवा होते, पुण्य होते. दोन्हीकडे डाव एकच आहे. करणाऱ्याला मोबदला मागता येऊ नये. जातीने करणाऱ्याला सांगितले, हा तुझा धर्म आहे. घरात करणारीला सांगितले, हे तुझे प्रेम आहे. प्रेम नसते असे कोण म्हणेल? पण प्रेमाने कंबर दुखायची थांबत नाही, रात्रीचे जागरण भरून निघत नाही आणि बुडालेला खाडाही मिळत नाही.

या पुण्याच्या भाषेला छेद देणारी परंपरा आपल्याजवळ आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला तथागतांना दिसला. त्याच्याजवळ कुणीही नव्हते. का नाही, असे विचारल्यावर कळले, की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला अंघोळ घातली आणि उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून त्यांनी समजावले, की तुम्ही घरदार सोडून आलात, तुम्हाला सांभाळायला आता आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांना सांभाळले नाही तर कोण सांभाळणार? माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही त्यांनी सांगितले.

ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. तिच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्याच प्रकरणात शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, ते सांगितले आहे. औषध तयार करता यावे, रुग्णाला काय सोसते आणि काय सोसत नाही ते कळावे, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस वाटू नये. म्हणजे शुश्रूषा हे शिकण्याचे कौशल्य आहे, हे तेथे मान्य केलेले आहे. रुग्णाने कसे वागावे, हेही सांगितले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे चीवर आणि पात्र शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, कारण त्यांचे उपकार मोठे आहेत, अशी अनुज्ञा दिली आहे. भिक्खूजवळ मालमत्ता म्हणून असते ती एवढीच. त्या मालमत्तेवर उशाशी बसणाऱ्याचा हक्क तथागतांनी मान्य केला. नुसत्या कौतुकावर त्याची बोळवण केली नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाला कळलेली ही गोष्ट आजच्या कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याला कळू नये काय?

सावित्रीमाईंचे उदाहरणही असेच नीट समजून घ्यायला हवे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपण त्यांच्या पाठीवरचे मूल आठवतो. ते मूल जेथे पोहोचले तो दवाखानाही आठवायला हवा. डॉ. यशवंत तेथे उपचारांसाठी होते. करुणेच्या मागे एक संस्था उभी होती. संस्था नसती तर पाठीवर घेऊन ती माउली जाणार तरी कोठे होती? आज आपल्या हजारो घरांतील स्त्रियांची तीच अवस्था आहे. पाठीवर ओझे आहे आणि ते उतरवायला जागा नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न राज्याच्या दारात नेऊन ठेवला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपण ही त्या बाईची आणि तिच्या नवऱ्याची खासगी बाब आहे, असा त्या काळचा समज होता. बाबासाहेबांची मांडणी उलट होती. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, आणि स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकानेही त्यातला वाटा उचलला पाहिजे. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. हाच युक्तिवाद एक पाऊल पुढे न्या. जन्माला येणाऱ्या जिवाची काळजी राष्ट्रहिताची असेल, तर अपंग, आजारी आणि वृद्ध जिवाची काळजी खासगी कशी ठरते?

येथे चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. बाबासाहेबांच्या अखेरच्या आजारपणाच्या वर्षांत त्यांचे पथ्यपाणी आणि औषधोपचार माईसाहेबांनी सांभाळले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी आपली पत्नी आणि डॉ. मालवणकर यांचे ऋण व्यक्त केले. १९५७ साली ग्रंथ बाहेर आला तेव्हा ते प्रास्ताविक त्यात नव्हते. महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांच्या वाट्याला कृतज्ञतेऐवजी संशय आला आणि त्यांना दीर्घकाळ चळवळीबाहेर राहावे लागले. त्या वादाचे राजकारण काहीही असो, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यातून उघडी पडते. मरणाचा जाब तिला विचारला जातो. जगवलेल्या वर्षांचे श्रेय मात्र तिला दिले जात नाही.

आता कायद्याकडे येऊ. कायद्यात काहीच नाही, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या आहे आणि आईवडील, कुटुंबीय, मोबदला घेणारे वा न घेणारे हे सारे त्यात बसतात. कलम २४ मध्ये अतिसाहाय्याची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही काळजीवाहक आहे आणि कलम १८ मध्ये रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांचा उल्लेख आहे. त्याआधी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालकत्व, एक लाख रुपयांपर्यंतचा ‘निरामय’ आरोग्य विमा, काळजीवाहकांचे प्रशिक्षण अशा योजना या न्यासाच्या आहेत. आपल्या वस्तीतील किती आयांनी ‘निरामय’चे नाव ऐकले आहे?

मेख अशी की, याच कलम २४ च्या सुरुवातीला सरकारने हे सारे ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ करावे, असे म्हटले आहे. सरकारची कुवत कुणासाठी वाढते आणि कुणासाठी आटते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय झाला. त्यासाठी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी तहसीलवर किती मोर्चे काढले, ते आपण जाणतो. पण हे पैसे रुग्णाच्या, दिव्यांगाच्या नावाचे आहेत. त्याच्यासाठी काम सोडून घरी बसलेल्या आईच्या नावाने त्यात एक रुपयाही नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होते, पण शस्त्रक्रियेनंतर घरी सहा महिने उचलून बसवणाऱ्या हातांचा विचार त्या योजनेत नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आईबापांना टाकून देणाऱ्या मुलांना तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात पाठवू शकतो. तो असावाच. पण जी मुलगी आईबापांना टाकत नाही आणि त्यापायी स्वतः कंगाल होते, तिला तो कायदा काय देतो?

हे अशक्य आहे काय? केरळने २०१० मध्ये ‘आश्वासकिरणम्’ ही योजना सुरू केली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना आणि गंभीर अपंगत्व असलेल्यांना सांभाळणाऱ्यांच्या नावाने तेथे महिना ६०० रुपये मंजूर होतात. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारीही आहेत. पण तत्त्व मान्य झाले. सांभाळणाऱ्याचे नाव सरकारी यादीत आले. त्याच केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशामक उपचारांचे काम उभे राहिले. गावोगावच्या स्वयंसेवकांनी ते घराघरांत नेले आणि २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले. ब्रिटनमध्ये काळजीवाहकांचा भत्ता १९७६ मध्ये आला. त्यातून विवाहित स्त्रियांना वगळले होते, कारण त्या तशाही घरीच असतात, असे गृहीत धरले होते! त्या अन्यायाविरुद्ध एक विवाहित स्त्री युरोपीय न्यायालयापर्यंत लढली आणि १९८६ मध्ये तो हक्क विवाहितांनाही मिळाला. ‘ती घरीच तर असते’ हे वाक्य लंडनमध्ये आणि लातूरमध्ये सारखेच बोलले जाते. तिथे ते न्यायालयात हरले, हे आपण लक्षात ठेवावे.

अलीकडे प्रत्येक प्रश्नावर एक ठरलेले उत्तर मिळते. सर्व काही ऑनलाइन आहे. दिव्यांगांचे ओळखपत्र ऑनलाइन, अर्ज ऑनलाइन, रुग्ण कसा सांभाळावा याची माहितीही ऑनलाइन. काही सोयी खरोखर उपयोगाच्या आहेत आणि त्या आपण वापरल्याच पाहिजेत. मनावरचा ताण असह्य झाला तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि तो फक्त रुग्णांसाठी नाही, रुग्णाला सांभाळून थकलेल्यांसाठीही आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हे दोन आकडे प्रत्येक विहाराच्या भिंतीवर रंगवले पाहिजेत.

पण पडद्यावरची माहिती म्हणजे आधार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचा स्मृतिभ्रंश रुग्णांच्या काळजीवाहकांसाठी एक ऑनलाइन प्रशिक्षणक्रम आहे. बंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांनी त्याची चाचणी घेतली तेव्हा सहभागी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक शेवटपर्यंत टिकले नाहीत. टिकणार कसे? रात्रभर जागलेली बाई दिवसा धडे वाचत बसेल काय? आणि हे तर इंटरनेट वापरू शकणाऱ्यांचे झाले. आपल्या घरात मोबाइल एकच असतो आणि तो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो. अर्ज भरायचा तर ओटीपी त्याच्याकडे येतो, संकेतस्थळ इंग्रजीत असते, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात रांग असते आणि त्या रांगेत उभे राहायचे तर आजाऱ्याजवळ बसायला कुणी नसते. जिला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, तिलाच मदत मागायला उसंत नाही. म्हणून मदत दारापर्यंत चालत गेली पाहिजे.

या दृष्टीने आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली, दिव्यांग हक्क कायद्यातील काळजीवाहक भत्ता राज्यातील प्रत्येक पात्र कुटुंबाला, सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या बँक खात्यात, नियमित मिळावा. ‘आर्थिक कुवती’ची ढाल सरकारने पुढे करू नये. दुसरी, प्रत्येक तालुक्यात अशी जागा हवी की जेथे रुग्णाला काही दिवस सुरक्षित ठेवून सांभाळणाऱ्याला विसावा घेता येईल, स्वतःचा आजार दाखवता येईल. तिसरी, घरी रुग्ण कसा वळवावा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, नळीतून अन्न कसे द्यावे, हे शिकवायला आशाताई आणि परिचारिका घरी याव्यात. मात्र हे काम आशाताईंच्या गळ्यात फुकट मारू नये, त्यांना त्याचा पूर्ण पगार मिळावा. चौथी, कंत्राटी आणि असंघटित कामगाराला घरातील आजारपणासाठी भरपगारी रजा मिळावी. केंद्राच्या नोकरीत अपंग आप्तांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मिळते. महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगाराची आई आई नसते काय?

पाचवी मागणी रुग्णालयांबाबत आहे. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर गावोगावची कुटुंबे महिनोन् महिने मुक्काम करतात, हे मुंबईकर वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्य कुटुंबांना छप्पर दिले. पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करणाऱ्या गाडगेबाबांना निवाऱ्याचे मोल कळले होते. पण धर्मशाळेवर सरकारने किती काळ निभावून न्यायचे? रुग्णालयाच्या आराखड्यात रुग्णाच्या सोबत्याची खाट, जेवण आणि न्हाणीघर धरलेच पाहिजे.

सरकारकडे मागत असताना आपण काय करणार, हेही सांगायला हवे. तथागतांनी भिक्खूंना आधी स्वतः शुश्रूषा करून दाखवली आणि मग नियम सांगितला. आपल्या प्रत्येक विहारात आठवड्यातून एक दुपार अशा स्त्रियांसाठी राखून ठेवता येईल. त्या दोन तासांत मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या घरी रुग्णाजवळ बसावे. शिकलेल्या मुलामुलींनी आपले मोबाइल घेऊन घरोघर जावे आणि ‘निरामय’चे, ओळखपत्राचे, निराधार योजनेचे अर्ज भरून द्यावेत. चौदा एप्रिलच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढून व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी असे रुग्णोपयोगी साहित्य विहारात ठेवावे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात दोन व्हीलचेअर सहज येतील.

आणि पुरुष कार्यकर्त्यांना स्पष्टच सांगितले पाहिजे. धरणे, मोर्चा, बैठक यांना तुम्ही वेळेवर पोहोचता, कारण घरी तुमच्या बापाच्या उशाशी तुमची बायको बसलेली असते. तिलाही मोर्चाला यायचे आहे, तिलाही वाचायचे आहे, तिलाही धम्मदेसना ऐकायची आहे. बापाचे अंथरूण बदलणे हेही चळवळीचेच काम आहे. समतेची भाषणे देणाऱ्याने आठवड्यातून तीन रात्री तरी स्वतः जागून पाहाव्यात. समतेचा अर्थ व्यासपीठापेक्षा तेथे अधिक लवकर कळतो.

ज्या माणसाचा कुणालाच काही उपयोग उरलेला नाही, त्याला सांभाळणारा समाज माणसांचा, आणि त्याला सांभाळणाऱ्याला वाऱ्यावर न सोडणारे राज्य कल्याणकारी. या कसोटीवर आजचे राज्य नापास आहे आणि आपला समाज काठावर उभा आहे. येत्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक तालुक्यातून काळजीवाहक भत्त्याचे निवेदन तहसीलदारांच्या टेबलावर गेले पाहिजे, आणि त्यावर पहिली सही अशा एखाद्या घरातल्या बाईची असली पाहिजे. ती सही करायला येईल तेव्हा तिच्या रुग्णाजवळ कोण थांबणार, हे मात्र आपण आजच ठरवू या.